अम्मानमधल्या सीरियन कुटुंबांचा महिन्याचा शिधा: खोक्यात काय, किती?

साखरफुटाणे
नोकरीनिमित्त मुक्काम जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानला. पूर्व अम्मानमध्ये निर्वासित छावणीबाहेर भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या ४० सीरियन कुटुंबांना इथली एक नोंदणीकृत संस्था दरमहा शिधा देते. शुक्रवारी आम्ही काहीजण खोकी भरायला आणि पोचवायला जातो. पाच माणसांसाठी सध्याची यादी: तांदूळ १० किलो, बुलगुर (उकडून भरडलेला गहू) ५, मसूर ४, काबुली चणे ३, साखर ४ किलो, तेल ४ लिटर.
हे महिनाभर पुरतं का? दुधाची पावडर आणि तूरडाळ घालावी का? शिवाय थंडीसाठी गॅस हिटर द्यायचं चाललंय. जाणकारांनी सांगावं.

मापटं
पुरत नाही. मदतकार्यात माणशी दिवसाला २१०० कॅलरी हा नियोजनाचा आकडा धरतात. पाच जणांना रोज १०,५०० लागतात.

तुमच्या खोक्याचा ढोबळ हिशोब: तांदूळ ३६,०००, बुलगुर १७,०००, मसूर १३,६००, चणे १०,८००, साखर १६,०००, तेल ३२,५००. एकूण सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे बारा दिवस. खोकं भरलेलं दिसतं म्हणून सगळे फसतात. "महिन्याचा शिधा" असं त्यावर लिहूच नका, नाहीतर ते वाचून दुसरी संस्था त्या घराला वगळते.

वाढवायचं तर तांदूळ नको, तेल वाढवा. कमी वजनात सर्वांत जास्त कॅलरी त्यातच. चणे कमी करा. रात्रभर भिजवले तरी तासभर शिजतात, आणि गॅस त्या घराच्याच खिशातून जातो. आयोडीनयुक्त मीठ, चहा आणि टोमॅटोची पेस्ट यादीत नाही, ती घाला. पीठ देऊ नका, रोटी बेकरीतून विकत येते.

तूरडाळ विसरा. त्यांना ती रांधायची सवय नाही, पडून राहील.

दुधाची पावडर सरसकट कधीच नाही. बाटली, उकळलेलं पाणी, अचूक माप यातलं एक चुकलं की बाळाला जुलाब. शिवाय अंगावरचं दूध आटतं. आईच्या दुधाऐवजी विकल्या जाणाऱ्या दुधाबद्दलची १९८१ची आंतरराष्ट्रीय संहिता याचसाठी आहे. एखाद्या बाळाला खरोखर गरज असेल तर ते काम आरोग्य केंद्राचं.

उंबरठा
मापटं यांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो.

खोकं तीस किलोंचं होतंय. अम्मान टेकड्यांवरचं शहर, पूर्व भागात कित्येक घरांपर्यंत नुसत्या पायऱ्या. पंधरा-पंधरा किलोंची दोन करा. तेल खाली उभं, साखर वेगळ्या जाड पिशवीत. बाटलीचं झाकण ढिलं राहिलं की सगळी साखर वाया.

यादी नावावर ठेवू नका. एकच नाव अरबीतून लिहिताना तीन प्रकारे लिहिलं जातं आणि एका घराला दोन खोकी जातात. यूएनएचसीआरच्या (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) नोंदणीपत्रावरचा क्रमांक वापरा, पण त्या कागदाचा फोटो मोबाइलवर काढून ग्रूपवर टाकू नका. क्रमांक संस्थेच्या वहीत, तुमच्याकडे फक्त घराचा अनुक्रमांक आणि माणसं किती एवढंच. खोकं हातात घेतलेल्या बाईचा फोटो तर नकोच.

यादी दरमहा तपासा. डिसेंबर २०२४मध्ये सीरियात असद यांची सत्ता गेल्यापासून बरीच कुटुंबं परतली आहेत. काही घरांत बाप पुढे गेला, बायको-मुलं अजून इथेच. पाचाचं खोकं तिघांना, असं तिथूनच होतं.

आणि खोक्यापेक्षा रोख रक्कम संस्थेमार्फत जमत असेल तर तीच बरी. या घरांचा मोठा खर्च घरभाडं, आणि तांदूळ विकून भाडं भरलं तर बाजारात किंमत पडूनच येते. देणगी मात्र स्वतः गोळा करू नका, परवानगीचा प्रश्न येतो, पावती संस्थेची.

निळीज्योत
हिटरबद्दल (तिकडे त्याला "सोबा" म्हणतात). तीन पट्ट्यांचा हिटर पूर्ण चालला की तासाला साधारण ३०० ग्रॅम गॅस खातो. तिथला सिलिंडर १२.५ किलोंचा, म्हणजे चाळीसेक तास. रोज संध्याकाळी सहा तास लावला तर आठवड्यात रिकामा. भरून देणार नसाल तर नुसता हिटर देणं म्हणजे घरात लोखंड ठेवणं. एकाच पट्टीवर चालवला तर सिलिंडर तिप्पट दिवस जातो, हे देतानाच दाखवा.

याला धुराडं नसतं. थंडीत लोक दारं-खिडक्यांच्या फटी चिंध्यांनी बुजवतात, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. खिडकी चार बोटं उघडी हवी आणि निजण्याआधी गॅस सिलिंडरवरच बंद. नळी आणि रेग्युलेटर जोडल्यावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले की पेटवायचं नाही. नळीला चिरा असतील तर बदलाच, त्यावर टेप गुंडाळणं धोक्याचं.

साखरफुटाणे
आभारी आहे. चणे ३ वरून १ वर, तेल ६ लिटर, खोकी दोन. मसूर मात्र अख्खा घ्यावा की डाळ?

मापटं
लाल डाळ. वीस मिनिटांत शिजते आणि त्यांचं सूप तिचंच होतं. मुजद्दरासाठी (मसूर घातलेला भात) अख्खा लागतो, म्हणून चारातला एक किलो तो ठेवा.