मकेवर करपा आलाय, हे ढगाळ वातावरणामुळे का? फवारू की ऊन पडायची वाट बघू?

कन्नडचा_मकावाला:
राम राम मंडळी. कन्नड तालुक्यात दोन एकर मका आहे, जूनच्या शेवटी पेरलेली, आता तुरे निघायला लागलेत. आठवडा झाला सूर्य नीट दिसला नाही, मोठा पाऊस नाही पण सारखी भुरभुर, सकाळी शेतात गेलं की पँट गुडघ्यापर्यंत ओली. खालच्या पानांवर लांबट राखाडी-तपकिरी चट्टे पडलेत, बोटाएवढे, दोन्ही टोकांना निमुळते. मागच्या वर्षी पाऊस याच्याहून जास्त होता तरी असं काही नव्हतं, म्हणून डोकं चालेना. दुकानदार म्हणतो युरिया कमी पडलाय, सोबत टॉनिक मारा. कुणाला अनुभव असेल तर सांगा, फोटो टाकायला रेंज नाही.

पीक_डॉक्टर_नाही:
दादा वर्णनावरून टर्सिकम करपाच वाटतोय, म्हणजे बुरशीचा रोग. नत्र कमी पडलं तर खालचं पान शेंड्याकडून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळं पडत आत सरकतं, इंग्रजी व्ही सारखं. पालाश कमी असेल तर पानाच्या कडा करपतात. निमुळते सुटे चट्टे यातल्या कशानेही येत नाहीत, त्यामुळे टॉनिकचे पैसे खिशातच ठेवा.

आता पावसाचं. पाऊस किती मिलीमीटर पडला यापेक्षा पान किती तास ओलं राहिलं हे बघायचं. बुरशीचा बीजाणू पानावर पडला की त्याला रुजायला सलग काही तास ओल लागते, आणि टर्सिकमला हवा 18 ते 27 डिग्रीच्या आसपास, म्हणजे थंडसर, लागते. एका तासात धो धो पडून लगेच ऊन आलं की पान वाळतं, बीजाणू रुजायच्या आत सुकतो. तुमच्याकडे रात्रभर दव, दिवसा भुरभुर आणि ऊन नाही, म्हणजे त्याची मजाच की. मागच्या वर्षी पाऊस जास्त असून रोग नव्हता याचं कारण बहुतेक हेच, शिवाय त्याच रानात मकेवर मका घेतली असेल तर जुन्या धसकटात आणि पाल्यात बुरशी टिकून राहते तेही आहेच.

आणखी एक, आज दिसतोय तो चट्टा आजचा नाही. लागण झाल्यापासून दिसायला साधारण एक ते दोन आठवडे जातात, म्हणजे या आठवड्यातल्या ओल्या रात्रींचा हिशोब अजून पानावर यायचाय. उद्या ऊन पडलं तरी काही दिवस चट्टे वाढताना दिसतील.

तासगावकर_८६:
आमच्याकडं रब्बीत पाऊस नसताना पण येतंय हे, निस्त्या दवानं. आणि थंडी-धुकं असलं की तांबेरा, पानाच्या दोन्ही अंगाला विटकरी पुटकुळ्या, बोट फिरवलं की तांबडी भुकटी लागती. आमच्या गावात एकजण स्प्रिंकलर संध्याकाळी लावून झोपायचा, वरनं दव, मग पान सकाळी दहापर्यंत ओलंच की हो. आता सकाळी लावतोय, फरक हाय म्हणतोय.

कन्नडचा_मकावाला:
धन्यवाद दादा. हो, मकेवर मकाच आहे. मग फवारायचं का? आणि यातली अर्धी मका मुरघासाला, म्हणजे हिरवी कापून चाऱ्यासाठी मुरवायला, द्यायची आहे.

पीक_डॉक्टर_नाही:
कणसाच्या वरची पानं कशी आहेत ते आधी बघा. दाणा भरतो तो मुख्यतः कणसाजवळच्या आणि त्याच्या वरच्या पानांच्या जोरावर. करपा तुऱ्याच्या वेळी वर चढला तर वजनात मार बसतो, दाणे भरत आल्यावर आला तर फवारणीचा खर्चही निघत नाही. तुमची मका ऐन तुऱ्यात, वातावरण असलं, मी तरी थांबलो नसतो. अ‍ॅझोक्सिस्ट्रोबिन अधिक डायफेनोकोनॅझोल हे एकत्र येणारं बुरशीनाशक 1 मिली प्रति लिटर, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं) घालून, पान वाळल्यावर. मॅन्कोझेब 2.5 ग्रॅम स्वस्त पडतं पण ते पानावरच बसतं, रोग आत शिरायच्या आधीच उपयोगी आणि भुरभुरीत धुऊन जातं. डोक्याएवढ्या मकेत पंप घेऊन शिरताना मास्क, चष्मा घाला, औषध सगळं तोंडावर येतं.

मुरघासाचा अर्धा भाग लवकर कापायचा असेल तर तिकडे फवारूच नका. फवारलात तर लेबलवर कापणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे थांबा.

खान्देशी_भाऊ:
आमच्याकडे उष्ण-दमट असतं तेव्हा दुसराच करपा येतो, मेडिस. चट्टे बारीक, शिरांच्या मधे आखल्यासारखे. 1970 ला अमेरिकेत याच मेडिसने मकेचं साधारण 15 टक्के पीक नेलं, तेव्हा तिकडच्या बहुतेक हायब्रीडमधे एकच टेक्सास सायटोप्लाझम (आईकडून येणारा पेशीतला भाग, मेडिसला लगेच बळी पडणारा) होतं आणि वर उबदार ओला सीझन. त्यामुळे मी सगळं रान एका वाणाखाली टाकत नाही, शेजारी हसतात ते हसू देत.

तासगावकर_८६:
पुढच्या पेरणीआधी ती धसकटं रोटाव्हेटरनं गाडा आन् एखादं वर्ष तिथं सोयाबीन नायतर तूर घ्या.