भुताच्या वाटेसाठी मुखवटे सुचवा (बडोदा, बजेट १२ हजार)

मांजलपूर_मंडळ
नमस्कार मंडळी. दिवाळीतल्या काळी चौदसला सोसायटीत 'भुताची वाट' करायची आहे. क्लबहाउसमागचा उघडा पट्टा, ४० फूट लांब, ८ फूट रुंद. बांबू आणि कापड मंडपवाला लावणार, तो खर्च वेगळा. भुतं सहा, सगळी कॉलेजची पोरं. येणारे दोनेकशे: गुजराती शेजारी, आपली मंडळी, आज्या आणि लहान मुलं भरपूर. वेळ ८ ते १०. पोशाख आणि मुखवटे मिळून १२ हजार, वर एक रुपया नाही.
मुखवटे कुठले घ्यावेत? आणि कुणी घाबरून हात उगारला, मूल रडायला लागलं, कुणी रील काढत तिथेच उभा राहिला, तर भुताने करायचं काय?

रावपुरा_राक्षस
सिलिकॉन, दुसरं काही बघूच नका. पूर्ण डोक्याचा घ्या, तोंड उघडलं की ओठ हलतात. लॅटेक्सचा (रबराचा) चेहरा ढिम्म हलत नाही. तीस-पस्तीस हजारांत बरा मिळतो. वापरून झाला की आतून पुसायचा, टाल्कम लावायची आणि डोक्याच्या साच्यावर ठेवायचा. घडी घातली की कानामागे फाटतो. आमच्या ग्रुपकडे तीन आहेत.

मांजलपूर_मंडळ
दादा, १२ हजार सहा जणांत मिळून आहेत.

रावपुरा_राक्षस
मग एकच घ्या. बाकीचे पाच चादरीत.

रंगपेटी
मुखवटा नकोच, चेहरा रंगवा. लिक्विड लॅटेक्स आणि साधा टिश्यू पुरतो. आदल्या दिवशी कोपराच्या आत थेंब लावून बघायचा, खाज आली तर त्या मुलाला लावायचंच नाही. भुवया आणि केसांच्या कडेला व्हॅसलीन चोपडा, नाहीतर काढताना भुवया हातात येतात. दाढीवाला मुलगा बाद. पहिला थर पातळ, पांढरा जाऊन पारदर्शक झाला की वाळला समजायचं. त्यावर टिश्यूचा एकच पदर, हाताने फाडलेला (कात्रीने कापला तर कड दिसते), त्यावर पुन्हा लॅटेक्स. असे तीन थर झाले की मधला भाग चिमटीत धरून फाडायचा, आत गडद लाल रंग भरायचा. अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून पंख्याखाली बसा आणि डोळ्यांपासून लांब राहा.
रक्तासाठी अर्धी वाटी लिक्विड ग्लुकोज, लाल खाद्यरंग, निळ्याचा एक थेंब, चमचाभर कोको. निळा विसरलात तर ते कोकम सरबत दिसतं. कपड्यांवर लावायचं असेल तर त्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाका, धुताना निघतं. मुंग्या मात्र येतात.
एका चेहऱ्याला पाऊण तास धरा. सहा चेहऱ्यांना रंगवणारे दोघं लागतील, आणि ४ वाजता बसावं लागेल.

करीट
मुळात काळी चौदस कशाला? गुजराती घरांत त्या रात्री कंकास (घरातली भांडणं) काढायला चौकात वडे ठेवतात. तिथे तुमचं भूत उभं राहिलं तर पाया पडतील की मार देतील सांगता येत नाही. आणि दुसरं, आपल्याकडे पहाटे अभ्यंगस्नान. रात्री ११ला झोपलेली पोरं पाचला उठणार आहेत का?

दांडियाबाजार
माझ्या पोरांना उठवायला भूतच लागतं, तेव्हा चालेल.
वर कुणी म्हटलेलं दिसत नाही, पण सिलिकॉनचे मुखवटे बघा. ओठ हलतात.

वीजवाला
मुखवट्यावर पैसे घालवू नका, अंधारात तो दिसतो कुठे? ४०० वॅटचं फॉग मशीन आणि लिटरभर फ्लुइड आणा. गरम व्हायला पाचेक मिनिटं लागतात, तोवर बटण दाबत बसू नका. उघड्यावर वारा धूर घेऊन जातो, म्हणून नळी जमिनीलगत ठेवा आणि दोन्ही बाजूंनी कापड छातीपर्यंत तरी पाहिजे. कोरडा बर्फ बंद जागेत कधीही नको, कार्बन डायऑक्साइड खाली साचतो आणि लहान मुलं त्याच उंचीवर असतात. स्ट्रोब (झपझप उघडमीट होणारा दिवा) लावलाच तर सेकंदाला चारपेक्षा कमी झपके, आणि दारावर पाटी. अपस्माराचा त्रास असणाऱ्यांना त्याने झटका येऊ शकतो.

पार्क_पारखी
कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या करमणूक पार्कमध्ये १९७३पासून हॅलोविनला हे चालतं. तिथली काही भुतं गुडघ्यांना आणि हातमोज्यांना धातू लावून धावत येतात आणि जमिनीवर घसरतात. खर्रकन आवाज आणि ठिणग्या! रांगेतले लोक दुभंगतात. तुमच्या पोरांना गुडघ्याचे पॅड घेऊन द्या, मुखवट्यापेक्षा स्वस्त.

टाकणखार
मंडपाच्या कापडाशेजारी ठिणग्या? २५ मे २०२४ला राजकोटच्या गेमझोनमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्यांनी काय केलं ते गुजरातेत राहून विसरलात? आणि परदेशाचंच कौतुक असेल तर १९८४ सालचं न्यू जर्सीतल्या पार्कचं भूतघर बघा. आत फोमचं अस्तर, पाणी फवारणारी यंत्रणा नाही, आठ मुलं गेली.
मांजलपूरवाले, मंडपवाल्याकडून सुती कापड किंवा कंतान मागा, सिंथेटिक नको, ते वितळून अंगाला चिकटतं. १० लिटर पाण्यात ७०० ग्रॅम टाकणखार आणि ३०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा, कापड बुडवा, न पिळता वाळवा. एक तुकडा बाहेर नेऊन काडी लावून बघा: काडी काढली की विझला पाहिजे. पाऊस पडला तर औषध धुऊन जातं, पुन्हा बुडवायचं. थर्माकोल आणि पणत्या दोन्ही बाहेर. मधोमध एक मोकळी बाजू ठेवा, नुसता पडदा, कुलूप नाही.

पडद्यामागे
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. मुखवटा कुठलाही असो, भूत उभं कुठे आहे यावर सगळं असतं.
समोरून कधीही यायचं नाही. समोरून आलं की पहिला माणूस थबकतो, मागे वळतो आणि मागच्यांवर पडतो. बाजूने, किंचित मागून या, म्हणजे टोळी आपोआप पुढे पळते. पुढचा माणूस छाती काढून चाललेला असतो, त्याला जाऊ द्या. मधल्याला गाठा, तो दोन्हीकडच्यांना धरून ओरडतो आणि एका झटक्यात सगळे घाबरतात. दोन-तीन सेकंदांत मागे सरा. थांबलात की लोक बुटांकडे बघायला लागतात.
हात उगारणं बहुतेकदा मुद्दाम नसतं, दचकलेला हात आपोआप येतो. म्हणून साडेतीन फूट अंतर, मधे कंबरेइतका आडवा बांबू, आणि कुणालाही स्पर्श नाही. फटका बसलाच तर भुताने भूतपणा सोडून बाजूला व्हायचं, काळ्या कपड्यातल्या स्वयंसेवकाने 'पुढे चला' म्हणायचं. वाद घालायचा नाही.
हसणाऱ्याला पुन्हा घाबरवू नका. हसू हीसुद्धा दचकण्याचीच तऱ्हा आहे. रीलवाल्याची नजर स्क्रीनवर असते, त्याला सोडून शेजारच्याला गाठा, आणि बाहेर पडल्यावर फोटोसाठी एक भूत उजेडात उभं करा, म्हणजे आत कुणी रेंगाळत नाही.
लहान मुलांना दारातच टॉर्च द्या. टॉर्च पडला की भुताने तोंड झाकून मागे सरायचं. हा नियम सहाही भुतांनी पाळायचा, एकाने मोडला तर मूल दुसऱ्यांवर विश्वास ठेवत नाही. आज्या आणि गरोदर बायकांसाठी मधली मोकळी बाजू आहेच.
हिशोब: सहा-सहाच्या टोळ्या केल्या तर चौतीस होतात, साडेतीन मिनिटांना एक. ४० फुटांना दीड मिनिट, उरलेली दोन भुतांना जागेवर परतायला. सहाही भुतं आत कोंबू नका. आत तीन, रांगेत एक, फोटोला एक, एक बदली. मुखवट्याखाली वीस मिनिटांवर कुणी राहायचं नाही, घाम आणि पाणी दोन्ही बघा.

जिज्ञासू
डेन्मार्कमध्ये आऱ्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी वेय्ले गावच्या भूतघरात ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे लावून पाहिलं होतं, निष्कर्ष २०२०मध्ये छापले. फार थोडी भीती वाटली त्यांना मजा आली नाही, फार जास्त वाटली त्यांनाही नाही. जास्त मजा मधल्यांना. हा पेपर मूळ वाचलेला आहे, बातमी नव्हे.

रावपुरा_राक्षस
ठोके मोजायला पैसे आहेत, सिलिकॉनला नाहीत.

दांडियाबाजार
सोसायटीतली भुतं चपलांवरून ओळखू येतात हे कुणी बोलेल का? 'अरे हा तर बी-विंगचा' म्हटलं की खेळ संपला. आवाजावरूनही. बोलायचंच नाही, डालड्याच्या डब्यात खिळे घालून खुळखुळवायचा.

रंगपेटी
हडळ करा, उलटे पाय. जुने कॅनव्हासचे बूट, टाच कापून पुढे लावायची.

वीजवाला
अंधारात पाय कोण बघतं?

रंगपेटी
आत्ताच तर म्हणाले, चपला बघतात!

पडद्यामागे
१२ हजार वाचवायचे असतील तर एकच पोशाख सहा वेळा शिवा: काळा झगा, डोक्यावर कंतानाची पिशवी, डोळ्यांजागी काळी जाळी. त्यातल्या तिघांत गवत भरून बाहुले करा, तिघांत पोरं. कुठला हलेल ते लोकांना कळत नाही. सगळं मिळून चार हजारांच्या आत.

मांजलपूर_मंडळ
सगळ्यांचे आभार. मंडळाची बैठक झाली. टाकणखार, टॉर्च आणि साडेतीन फूट नक्की. काळी चौदस रद्द, भाऊबीजेनंतरचा शनिवार. पोशाखाचं मात्र वेगळं ठरलंय: वाढदिवसाला येतात ती अस्वलं, तीन, भाड्याने. चेहरा झाकतो, आवाज दबतो आणि चपला पूर्ण आत जातात.

पडद्यामागे
अस्वलाला कुणी घाबरणार नाही हो. मुलं येऊन मिठी मारतील, आणि मिठी म्हणजे साडेतीन फूट गेले.

मांजलपूर_मंडळ
गर्दीत न हसणारं अस्वल अंधारात उभं असेल तर? अॅडव्हान्स दिलाय.

वीजवाला
त्या डोक्यातून फक्त तोंडाच्या जाळीतून समोरचं दिसतं, बाजूचं शून्य. बाजूने यायचं आहे ना? प्रत्येक अस्वलामागे एक माणूस द्या, खांद्याला हात लावून खूण करेल. डोक्यात १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा, हवा बाहेर फेकणारा, आणि फर फॉग मशीनच्या नळीपासून चार फूट लांब.

टाकणखार
ती फर सिंथेटिक आहे. टाकणखाराचा काही उपयोग होणार नाही.

रावपुरा_राक्षस
सिलिकॉनचं अस्वलही मिळतं.