अपरूप की अप्रूप?

शाईडाग: मुलांसाठीच्या विज्ञानलेखाचं भाषांतर करतेय. 'हिरा आणि ग्रॅफाइट ही कार्बनची अपरूपे' (म्हणजे एकाच मूलद्रव्याची वेगवेगळी रूपं) असं लिहिलं होतं. मुद्रितशोधकांकडून परत आलं ते 'कार्बनची अप्रूपे' होऊन! वर समासात शंका, 'अप्रूपचं अनेकवचन होतं का?' आधी हसले, मग मीच अडकले. 'अप' तर अपशब्द, अपकीर्तीतला. हिऱ्याला कुरूप कसं म्हणायचं? दुसरा शब्द आहे का?

जुनी वही: तो 'अप' नसून 'अपर' असावा, म्हणजे दुसरा. 'अपररूप'मधला एक र बोलता बोलता गळला. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८४१ साली मूळ संज्ञा ('अ‍ॅलोट्रॉपी') घडवली तीही 'दुसरा' अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच. (गळती हा माझा तर्क, कोश उघडलेला नाही.)

कोपरा: संज्ञा ठरवणारे लोक असे र गाळत बसत नाहीत हो. सरळ 'बहुरूप' म्हणा. बहुरूपी मुलांनाही कळतो.

खडूफळा: नको. बहुरूपता संयुगांच्या स्फटिकांनाही लावतात. कॅल्साइट आणि अ‍ॅरगोनाइट, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. अपरूपता फक्त मूलद्रव्यांची, आणि तिला स्फटिकच लागतो असं नाही; ऑक्सिजन-ओझोन बघा. धातूंनाही ती चुकलेली नाही. लोखंड ९१२ अंश सेल्सिअसला अणूंची मांडणी बदलतं. पांढरं कथिल ठोकून पत्रा होतो, पण १३ अंशांच्या बरंच खाली खूप दिवस राहिलं की त्याची राखाडी भुकटी होऊ शकते.

कोपरा: मग कथिलापुरता तरी 'अप' चपखल बसला की!

तिरपी ओळ: लेखात 'शिसपेन्सिल' आलंय का? आधी ते काढा. तिच्यात ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते, शिसं औषधालाही नाही. लहानपणी पेन्सिल चावली की आजी ओरडायची, 'शिसं पोटात जाईल!'

जुनी वही: तेल हा शब्द तिळावरून आला. मग खनिज तेलाला काय म्हणाल?

तिरपी ओळ: तेलाने विषबाधेची भीती पसरत नाही. शिसं खरंच विषारी आहे.

खडूफळा: फसगत समजण्यासारखी आहे. शिशाचा तुकडाही कागदावर करडी रेघ ओढतो. पण शिसं मऊ धातू म्हणून झिजतं. ग्रॅफाइटचे थरच सुटतात. एका थरात शेजारचे अणू १.४२ अँगस्ट्रॉमवर (अणूंमधली अंतरं मोजायचं अतिसूक्ष्म एकक) घट्ट बांधलेले, दोन थरांत मात्र ३.३५चं अंतर आणि पकड ढिली. मी वर्गात पेन्सिलीच्या गडद रेघेवर चिकटपट्टी दाबून उचलतो. पट्टीवर काळा ठसा येतो. २००४ मध्ये ग्राफीन, म्हणजे ग्रॅफाइटचा एकच थर, वेगळं केलं तेही चिकटपट्टीनेच, म्हटल्यावर मागचा बाकसुद्धा जागा होतो.

शाईडाग: छान, पण मुद्रितशोधकांना काय कळवू? उद्या अंक छपाईला जातोय.

जुनी वही: 'अपररूप' लिहा, खाली टीप द्या.

खडूफळा: अजिबात नको! पाठ्यपुस्तकात अपरूपच आहे, पोरं परीक्षेत गोंधळतील.

कोपरा: ते राहू दे. 'पेन्सिल'मधली सि ऱ्हस्व कशी? उपान्त्य दीर्घ नको का?