कोफाच्या डोंगरातली मेंढ्याची शिकार: करावी की नाही?

माळरान (फिनिक्स):
सतरा वर्षं अर्ज करतोय. यंदा ॲरिझोनाच्या सोडतीत डेझर्ट बिगहॉर्नचा टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, माझ्या नावावर निघाला. हा रानमेंढा इथे आयुष्यात एकदाच मारता येतो. भाग कोफा, युमाच्या ईशान्येचे उघडेबोडके डोंगर. हंगाम डिसेंबरचा.

तयारी सुरू आहे. माणशी रोज किमान चार लिटर पाणी गाडीत हवं, कारण वाटेत कुठे मिळण्याची आशा नाही. दोन जादा चाकं. पहाटेपासून तिपाईवर दुर्बीण लावून समोरचे कडे इंच इंच बघायचे. आधी दिसतो तो पांढरा पार्श्वभाग. माज उन्हाळ्यात संपलेला असतो, त्यामुळे डिसेंबरात नर पुन्हा वेगळे कळप करून राहतात. शिंगांवरच्या वळ्या मोजून वय ठरवायचं. मला म्हातारा नरच हवा आहे. मांस पाठीवरून उतरवायचं; खाण्याजोगं मांस टाकून येणं इथे गुन्हा आहे.

साताऱ्याहून भाऊ फोनवर म्हणाला, "आपल्याकडे ह्यासाठी तुरुंगात गेला असतास." त्याचं खरंच आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. पण माझ्या मते ही शिकार योग्य आहे. तुम्हाला काय वाटतं?

गारवेल:
मला अजिबात पटत नाही. पोट भरायला मारणं वेगळं. तुम्ही सतरा वर्षं वाट पाहिलीत ती भिंतीवरच्या शिंगांसाठी. आणि मोठ्या शिंगांचे नर वेचून मारले की पुढची पिढी कशी होते? कॅनडात अल्बर्टातल्या राम माउंटनवर हेच तपासलं गेलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षांगणिक शिंगं लहान होत गेलेली दिसली. निसर्ग ज्याला निवडतो, नेमका तोच तुम्ही काढून घेता.

माळरान:
तो अभ्यास मी वाचलाय आणि त्यातली भीती खोटी नाही. पण तिथे शिंगाला ठरावीक वळसा आला की नर मारायला मोकळा, आणि टॅगच्या संख्येवर बंधन नव्हतं. म्हणजे ज्याची शिंगं लवकर वाढतात तोच आधी मरतो. इथे टॅग मोजके असतात आणि शिंगाच्या मापाची अट नाही.

शिवाय ह्या मेंढ्यांचा मोठा शत्रू बंदूक नाही, पाळीव मेंढ्यांकडून येणारा न्यूमोनिया आहे. तो शिरला की कळपच्या कळप जातात. त्यावर नजर ठेवायला, दुष्काळात डोंगरातल्या टाक्यांत पाणी टाकायला पैसा लागतो. बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर १९३७ पासून राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. मीही दोन उन्हाळे त्या टाक्या दुरुस्त करायला गेलोय. पंचेचाळीस अंशांत सिमेंट कालवलंय.

वऱ्हाडी पाहुणा:
आमच्याकडे रोही आणि रानडुकरं हरभरा रातोरात साफ करतात. बाप थंडीत मचाणावर जागतो. म्हणून जनावर मारणं म्हणजे पापच, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या मेंढ्यानं कुणाचं शेत खाल्लं? माझं मत गारवेलकडे झुकतं.

गारवेल:
टाक्या दुरुस्त केल्यात ह्याचं मोल मोठं आहे, मनापासून. पण ते काम टॅग नसतानाही करता येतं ना? पाणी पाजलं म्हणून जीव घ्यायचा हक्क मिळतो, हा हिशेब मला कळत नाही. अभयारण्यंच शिकाऱ्यांच्या पैशावर चालत असतील तर ती व्यवस्था बदला.

माळरान:
हक्क मिळतो असं नाही म्हणत. पण एकट्या माझ्या टाकीच्या कामानं ते डोंगर चालत नाहीत, हजारो अर्जदारांच्या पैशानं चालतात, आणि ते अर्ज टॅगच्या आशेवर येतात. उद्या तो पैसा दुसरीकडून आला तर मी तुमच्या बाजूनं बोलेन.

एक ठरवलंय. पहिले चार दिवस बंदूक गाडीतच राहील, फक्त बघणं. आठ वर्षांच्या आतला नर समोर आला तर सोडून द्यायचा. महिनाभरात म्हातारा दिसलाच नाही, तर टॅग कोरा घेऊन घरी.

गारवेल:
मग पाचव्या दिवशीही गाडीतच राहू द्या.