डोकं टाकून देऊ नका

लायसन्स, नारिंगी जॅकेट आणि बंदुकीचा नेम तपासला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीच्या हंगामाची तयारी झाली, असं बरेच जण म्हणतात. खरंय, पण अर्धंच. (भडक गुलाबीही २०१६ पासून चालतो, बरं का.) हरीण पडल्यावरचं काय? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंद करायची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. राहून जातं ते सीडब्ल्यूडीच्या (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) तपासणीचं.

हरणांच्या मेंदूचा हा रोग इथे २००२ मध्ये लक्षात आला. तो ज्या प्रायॉनमुळे (म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांमुळे) होतो ते शिजवून नष्ट होत नाहीत, त्यामुळे कुकरला चार शिट्ट्या जास्त देऊन भागत नाही. तपासणीचे नमुने टाकण्यासाठी वन्यजीव खात्याच्या पेट्या ठेवलेल्या असतात. नराची शिंगं आधी काढून घ्यायची, थोड्या मानेसकट डोकं पिशवीत घालायचं, फॉर्म भरायचा. तपासणी फुकट असते. निकाल येईपर्यंत मांस वेगळं फ्रीज करा, आणि खाटकाला आधीच बजावून ठेवा की माझं दुसऱ्याच्या हरणात मिसळू नकोस. सॉसेज करताना काही ठिकाणी चार जणांचं एकत्रच दळतात. मग एकाचा निकाल पॉझिटिव्ह आला तर फेकायचं कुणाकुणाचं?