जेलाटो म्हणजे आईस्क्रीमच ना? की खरंच काही वेगळं असतं?

खादाडखाऊ:
परवा आमच्याकडे यावरून चांगलीच जुंपली. भाऊ म्हणतो जेलाटो म्हणजे आईस्क्रीमच, फक्त नाव इटालियन. मी म्हणते नाही, जिभेला फरक कळतो, पण तो नेमका कशामुळे ते धड सांगता येईना म्हणून हरले. त्यात उरलेला डबा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी दगड, चमचा वाकला पण तो ढिम्म हलेना, दुकानात तर मऊसूत होता. कोणीतरी उलगडून सांगा प्लीज.

दूधसाखर:
शब्दापुरता भाऊ बरोबर आहे. इटालियनमध्ये जेलाटो म्हणजे 'गोठवलेलं', आणि इटलीत आईस्क्रीमला तोच शब्द आहे. पण बाकी जगात जेलाटो म्हणून जे मिळतं त्याची पद्धत वेगळी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फरक हवेचा. आईस्क्रीम गोठवताना जोरात घुसळतात, त्यात हवा शिरते आणि ते फुगतं, याला ओव्हररन म्हणतात. 100 टक्के ओव्हररन म्हणजे 1 लिटर मिश्रणाचं 2 लिटर आईस्क्रीम, म्हणजे अर्धा डबा हवा! जेलाटो हळू घुसळतात, त्यात साधारण 20 ते 35 टक्केच, म्हणून तो घट्ट आणि जड लागतो. खोटं वाटत असेल तर दोघांची एकेक वाटी सपाट भरून ठेवा आणि पूर्ण वितळू द्या, किती उरतं ते बघा.

निमूट_वाचक:
आणि क्रीम? मी तर ऐकलं होतं की जेलाटोत फॅट कमी असतं, मग तो हेल्दी झाला ना 😀

दूधसाखर:
कमी असतं हे खरं. जेलाटोत दूध जास्त, क्रीम कमी, अंड्याचा बलक कमी किंवा नसतोच, सिसिलीत तर घट्टपणासाठी कॉर्नफ्लोअर वापरायची पद्धत आहे. फॅट साधारण 4 ते 9 टक्के. अमेरिकेत आईस्क्रीम म्हणून विकायचं तर दुधाचं फॅट किमान 10 टक्के लागतं. पण हेल्दी वगैरे विसरा, साखर भरपूर असते आणि हवा कमी म्हणजे त्याच स्कूपमध्ये माल जास्त. फॅट कमी असण्याचा खरा फायदा चवीला होतो, जिभेवर तुपकट थर बसत नाही त्यामुळे पिस्ता, हेझलनट लगेच कळतात.

चमचाभर:
दगडाचं उत्तर कोणीच दिलं नाही की! घरचा फ्रीजर असतो उणे 18 च्या आसपास, आईस्क्रीम तिथे चालतं कारण हवा आणि फॅट त्याला मऊ ठेवतात. जेलाटो दुकानात उणे 12 ते 14 ला ठेवतात, तेवढ्या चार-सहा डिग्रीतच सगळी गंमत आहे. फार थंड असलं की जीभ बधिर होते आणि चव लागत नाही, म्हणूनही जेलाटो जास्त चवदार वाटतो. तुम्ही डबा खायच्या आधी 15-20 मिनिटं खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा, बाहेर ओट्यावर नको, कडा वितळतात आणि मधे तसाच दगड राहतो. आणि वितळलेला परत गोठवू नका, बर्फाचे खडे होतात, मग तो कचकच लागतो.

जाता जाता, पिस्ता जेलाटो पोपटी दिसला तर समजा रंग घातलाय, खऱ्या पिस्त्याचा मळकट हिरवा असतो. आणि ट्रेमधून वर डोंगरासारखे रचलेले ढीग फोटोला छान, पण मी तिथे जरा सावध होते, एवढा उंच ढीग न वितळता उभा राहतो म्हणजे त्यात स्टॅबिलायझर किंवा हवा बरीच असणार.

खादाडखाऊ:
दोन वाट्या ओट्यावर ठेवून बघितल्या! आईस्क्रीमची वाटी वितळून जवळजवळ अर्ध्यावर आली, वर नुसता फेस. जेलाटो जेमतेम बोटभर खाली गेला. भावाला दाखवलं तर म्हणतो तू आईस्क्रीमच स्वस्तातलं आणलंस 🙄

चमचाभर:
त्यात तथ्य आहे हो, महागड्या आईस्क्रीममध्ये हवा बरीच कमी असते. आता त्यालाच चांगलं आणायला सांगा आणि परत करा.