सल्ला हवाय : अण्णांना वाचून दाखवायला यशवंतराव चव्हाण, कुठून सुरू करू?

रंकाळावेस

नमस्कार मंडळी. आमचे अण्णा ८२ वर्षांचे आहेत. डोळ्यांनी जवळपास रजा घेतलीय, कान मात्र अजून तिखट. रोज संध्याकाळी पाऊण तास मी त्यांना काहीतरी वाचून दाखवते. शिवचरित्र झालं, ज्ञानेश्वरीचे काही अध्याय झाले. एका रहस्यकथेला तर तिसऱ्याच दिवशी "खुनी कोण ते सांग आणि मिटव" असं फर्मान निघालं. आता विषय त्यांनीच दिलाय, यशवंतराव चव्हाण, आधी आपले मुख्यमंत्री आणि मग देशाचे संरक्षणमंत्री.

चीनच्या लढाईनंतर फौजेत मोठी भरती निघाली, तेव्हा अण्णा कागलकडच्या आमच्या गावातून भरती झाले आणि तोफखान्यात गेले. ६५ला ते खेमकरणच्या बाजूला होते. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका, त्याच सुमारास ईबीसीच्या, म्हणजे गरीब घरातल्या पोरांच्या फी-सवलतीवर कॉलेज शिकले. अण्णा म्हणतात, "मला तोफेवर पाठवलं, धाकट्याला कॉलेजात. दोन्हीकडं माणूस एकच. तो होता कसा, ते ऐकायचंय."

घरात एक गौरवग्रंथ होता तो काढला. पानोपानी हिमालय आणि सह्याद्री. दहाव्या मिनिटाला अण्णा घोरायला लागले. तर मोठ्यानं वाचायला बरं आणि कोल्हापुरात मिळेल असं काही सुचवा. लढाईचं मात्र खरं खरं हवं, कारण चुकीचं वाचलं तर ओरडा मलाच बसतो. एकदा गाडीनं कऱ्हाडला न्यायचाही विचार आहे.

भवानीमंडप

ताई, 'कृष्णाकाठ'. दुसरं काही आधी काढूच नका. त्यांचं स्वतःचं आत्मचरित्र, १९८४चं. भाषा बोलती आहे, वाचताना दम लागत नाही. करवीर नगर वाचन मंदिरात विचारा, नाहीतर कुठल्याही बऱ्या दुकानात मिळेल.

देवराष्ट्रे हे त्यांचं आजोळ, जन्म तिथला, १२ मार्च १९१३. वडील लहानपणीच प्लेगात गेले, विठाईंनी मुलं वाढवली. अण्णांना दोन जागा नक्की आवडतील बघा. एक म्हणजे १९२९ साली जतींद्रनाथ दास तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले आणि ती बातमी कऱ्हाडातल्या एका शाळकरी पोराच्या जिवाला कशी लागली ते. दुसरी, १९३२ साली झेंडा लावला म्हणून अठरा महिन्यांची शिक्षा झाल्यावरची. मास्तर आईला सांगतात की पोरानं माफी मागितली तर सुटेल, आणि ती अक्षरओळख नसलेली बाई म्हणते माफी कशाला मागायची. तिथं जरा थांबून वाचा.

आणि आपलं कोल्हापूर आहेच. राजाराम कॉलेजातून ते १९३८ला बी. ए. झाले, विषय इतिहास आणि राज्यशास्त्र. तेव्हा कॉलेज भवानी मंडपाजवळच्या जुन्या इमारतीत भरायचं, प्राचार्य डॉ. बाळकृष्ण. मी रोज तिथून स्कूटर काढतो, पण हे पुस्तक वाचेपर्यंत कधी मान वर करून त्या इमारतीकडे बघितलं नव्हतं.

एक अडचण आधीच सांगतो. पुस्तक १९४६ला थांबतं. पुढचे दोन खंड त्यांच्या मनात होते, पण २५ नोव्हेंबर १९८४ला ते गेले. म्हणजे अण्णांना हवी ती लढाई यात नाही.

पायताण

ताई, अण्णांना आमचा रामराम सांगा. वाचा की खुशाल, पण एक बाजू सांगू नका फक्त. आमचे आजोबा संयुक्त महाराष्ट्रात लाठ्या खाल्लेले, भाई माधवराव बागलांच्या सभांना जाणारे. नेहरू आणि महाराष्ट्र यात मी नेहरूंच्या बाजूनं, असं यशवंतराव म्हणाले ते आजोबा मरेपर्यंत विसरले नाहीत. १ मे १९६०ला मंगल कलश आला तेव्हासुद्धा "कलश आणायला गेला, पण आणायला लावला कुणी" हेच चालू. ५७ला कऱ्हाडातून स्वतः यशवंतराव थोडक्यात वाचले, यावरनं तेव्हाची हवा कळंल. हे गौरवग्रंथात नसतंय.

निवृत्त_मास्तर

पायताण, मुद्दा बरोबर आहे आणि तो वगळून हा माणूस कळतही नाही. लोक रागावलेले, पक्ष दिल्लीकडे बघणारा आणि मधे हा द्विभाषिकाचा, म्हणजे मराठी-गुजराती एकत्र असलेल्या मुंबई राज्याचा मुख्यमंत्री. त्यांची सवय अशी की समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, आणि मग जे ठरवायचं ते कायद्यात किंवा यंत्रणेत बसवून टाकायचं. विरोधक याला कुंपणावर बसणं म्हणत. काही वेळा ते होतंही. पण संरक्षण खात्यात हीच सवय कामाला आली, असं माझं मत आहे.

ताई, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणतात त्याच्या तारखा अण्णांना सांगा. १८ नोव्हेंबर १९६२ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते आपलं शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. २० तारखेला कन्नमवार मुख्यमंत्री झाले, कारण यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला निघाले होते. आणि २१ला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे सह्याद्री पोचला तेव्हा लढाई थांबलीच होती. त्यांच्या वाट्याला आलं ते हरलेलं सैन्य, चिडलेली संसद आणि एकमेकांशी धड न बोलणारे मंत्रालय आणि सेनापती.

खरं काम पुढच्या तीन वर्षांतलं. सव्वाआठ लाखांच्या सैन्याची योजना, डोंगरात लढणाऱ्या दहा डिव्हिजन, संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना १९६४ची. तुमचे अण्णा ज्या भरतीत लागले ती यातलीच. आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या काळात बढत्यांत आणि डावपेचांत वरून हात घातला जायचा, अशी सेनाधिकाऱ्यांची तक्रार होती. यशवंतरावांनी तो हात काढला. तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांना रोज सकाळी समोर बसवायचं आणि ऐकायचं. साधी गोष्ट, पण आधी ती होत नव्हती.

याच धाग्यात कोल्हापूरचे जनरल थोरात पण वाचा. १९६१पर्यंत ते पूर्व विभागाचे सेनापती होते. चीन कुठून आणि कसा येईल हे त्यांनी १९५९-६०मध्येच लेखी कळवलं होतं, लखनौला 'लाल किला' नावाचा सरावही घेऊन दाखवला होता. वर कुणी मनावर घेतलं नाही. ऐकून घेणारा मंत्री असणं म्हणजे काय, हे त्या कागदांवरून कळतं.

लढाईसाठी पुस्तक म्हणाल तर यशवंतरावांचे तेव्हाचे खासगी सचिव राम प्रधान यांनी त्यांच्या ६५च्या डायरीवरून लिहिलेलं इंग्रजी पुस्तक आहे. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात चौकशी करा. वाचता वाचता मराठीत सांगावं लागेल.

रंकाळावेस

मास्तर, तुमचं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवलं. "मास्तर फौजेत होता का?" असा प्रश्न आलाय. दुसरा प्रश्न जरा रागाचा आहे : ६५ला जम्मूकडच्या छांबला पाकिस्तानी रणगाडे घुसले त्या दिवशी आपली विमानं यायला संध्याकाळ का झाली? दिल्लीत काय चाललं होतं?

निवृत्त_मास्तर

फौजेत नव्हतो, एनसीसीत चालवलेल्या काठीवर समाधान मानलंय.

१ सप्टेंबर १९६५. हल्ला पहाटेचा. दुपारनंतर सेनाप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख एअर मार्शल अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले आणि विमानं मागितली. यशवंतरावांनी मंत्रिमंडळाची बैठक बोलावण्यात वेळ घालवला नाही, तिथल्या तिथे होकार दिला. होकार मिळाल्यावर पठाणकोटहून विमानं लगेच उडाली. म्हणजे जो उशीर झाला तो विनंती वर येईपर्यंतचा, असं मी वाचलेल्यावरून म्हणतो. पण त्या निर्णयाची किंमत मोजावी लागली हेही सांगा. जुनी व्हॅम्पायर विमानं पाठवली होती, त्यातली चार त्याच संध्याकाळी गेली.

६ तारखेला आपण लाहोरच्या दिशेनं सीमा ओलांडली. पुढची खेमकरणजवळची असल उत्तरची लढाई तुमच्या अण्णांनी डोळ्यांनी पाहिलीय, मी काय सांगू. एवढंच, की त्याच दिवसांत सेनाप्रमुखांनी बियास नदीच्या मागे सरकायचं सुचवलं आणि मी ते मानलं नाही, असं पश्चिम विभागाचे सेनापती हरबक्षसिंग यांनी स्वतः लिहून ठेवलंय. हे अण्णांना माहीत आहे का विचारा. मला त्यांचं उत्तर ऐकायचंय.

नागाळापार्क

सगळे लढाईतच रमलेत म्हणून मधे बोलतो. मी जिल्हा परिषदेत ३४ वर्षं फायली हलवल्या. ती जिल्हा परिषद १ मे १९६२ला आली, १९६१च्या कायद्यानं. गावच्या शाळेची कौलं, दवाखान्याचा कंपाउंडर, पाझर तलाव, हे सगळं कलेक्टर कचेरीतून निघून निवडून आलेल्या माणसांच्या टेबलावर आलं. त्यांनी ते कसं वापरलं याचे किस्से माझ्याकडे पुष्कळ आहेत, ते इथं नकोत.

काकांच्या ईबीसीचं सांगा अण्णांना. १९५९ची सवलत, वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पोरांना फी माफ. महिन्याला शंभर रुपये. तेव्हा खेड्यातली बहुतेक घरं त्यात बसायची, जात न विचारता. शिवाय महार वतनं त्यांच्याच काळात राज्यभर गेली, आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी ती १९१८लाच काढली होती. बौद्ध झालेल्यांच्या सवलती राज्यात चालू ठेवल्या. आता सहकारी साखर कारखान्यांचं काय झालं ते विचारू नका, धागा भरकटेल.

कऱ्हाडी

कऱ्हाडला येताय तर ऐका. कोल्हापुरातून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. हायवेचं काम चालू आहे, सकाळी लवकर निघा, नाहीतर पेठ नाक्याच्या आसपास अण्णांचा पारा चढेल. प्रीतिसंगमावर समाधी आहे, कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भिडतात तिथं. वयस्कर माणसाला उन्हात नेऊ नका, दहाच्या आत उरका. मग वेणूताई चव्हाण स्मारक. त्यांचा ग्रंथसंग्रह आणि वापरातल्या वस्तू तिथं आहेत, आणि पुस्तकांकडे बघून माणूस काय वाचायचा ते कळतं. 'विरंगुळा' हे त्यांचं घरही गावातच.

वेणूताईंना विसरू नका मात्र. जून १९४२ला लग्न, ऑगस्टात नवरा भूमिगत, आणि वर्षाच्या आत त्यांना स्वतःला अटक. त्या १ जून १९८३ला गेल्या, त्यानंतर दीड वर्षात हेही गेले. देवराष्ट्रे त्याच दिवशी करू नका, सागरेश्वर धरून वेगळा दिवस ठेवा.

पायताण

कऱ्हाडी, जेवायचं कुठं ते सांगितलं नाहीस. इतिहासावर पोट भरतंय व्हय?

रंकाळावेस

सगळ्यांचे आभार. 'कृष्णाकाठ' वाचन मंदिरातून आणलं, चौथा दिवस आहे. माफीच्या प्रसंगावर पुस्तकातल्या मास्तरांनी आईला काय सांगितलं ते वाचलं आणि मी थांबले, तर अण्णाच म्हणाले, "नाही म्हणाली असणार. फौजेत निघालो तेव्हा आमची आई पण रडली नव्हती." आजीबद्दल हे मला पहिल्यांदाच कळलं.

मास्तर, बियासचं विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मागं सरायचा हुकूम आला असता तर सरलो असतो. आला नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. वर कोण कुणाशी भांडलं ते आम्हाला कोण सांगणार?" आणि पायताण, तुमच्या आजोबांचंही सांगितलं. त्यावर हसून म्हणाले, त्यांचं नाव काय, गाव कुठलं, विचारून ये.

इंग्रजी पुस्तकासाठी सोमवारी विद्यापीठात जातेय. बाहेरच्या माणसाला तिथं बसून वाचू देतात का, कुणाला माहीत आहे?